'कुठलंही कार्पेट 100 टक्के रिसायकल होतं' म्हणे! आधी ते उलटं करून बघा

सध्या ठाण्यापासून पनवेलपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर हिरव्या पानांच्या इमोजीवाला एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. ज्यांना नाही आला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: जुनं कार्पेट फेकू नका, कुठलंही कार्पेट 100 टक्के रिसायकल होतं, त्याचा धागा काढून परत तसंच नवीन कार्पेट बनतं, परदेशात तर एकही कार्पेट कचऱ्यात जात नाही, सुक्या कचऱ्यात दिलंत तरी पालिका त्याचा धागा करते, आणि तेही जमत नसेल तर आमचा माणूस येऊन फुकट उचलेल. खाली टेम्पोवाल्याचा नंबर.

मी ऑफिसं रिकामी करायच्या लाइनमध्ये आहे. कंपनीचं लीज संपलं की पार्टिशन, सीलिंग, कार्पेट सगळं उचकटायचं आणि मालकाला जागा बेअर शेल, म्हणजे नुसत्या भिंती आणि फरशी उरलेली, करून द्यायची. महापे, रबाळे, ऐरोली, खाडीपलीकडे वागळे इस्टेट, हा आमचा पट्टा. त्यामुळे कार्पेटची वरची बाजू मी कमी आणि खालची बाजू जास्त बघितलेली आहे, आणि ह्या मेसेजची गोची नेमकी खालच्या बाजूलाच आहे.

तर पहिलं वाक्य, "कुठलंही कार्पेट". कार्पेट ही एक वस्तू नाहीच हो, चार-पाच वस्तू एकमेकांना चिकटवलेल्या असतात. हॉटेलात किंवा हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत असतं ते घ्या. वर दिसतो तो धागा नायलॉनचा असेल, पॉलिस्टरचा असेल, पीपीचा म्हणजे पॉलिप्रॉपिलिनचा असेल किंवा लोकर असेल. तो टोचलेला असतो पीपीच्या विणलेल्या कापडात. धागा सुटू नये म्हणून मागून लॅटेक्स, म्हणजे रबरासारखा चिकट द्रव, फासतात, आणि लॅटेक्स महाग म्हणून त्यात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी चुनखडीची पावडर ठासून भरतात. त्याच्यावर परत एक जाळीदार कापड. वजन करून बघितलं तर ह्या पावडरचाच वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघतो. जुनं कार्पेट गुंडाळताना खाली लादीवर जी पांढरी भुकटी पडते ना, बाई झाडताना वैतागते ती, ती नुसती बाहेरची धूळ नसते, लॅटेक्स वाळून कडक झालं की त्यातली चुनखडी सुटते. आता तिचा धागा कसा काढायचा ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

ऑफिसातल्या कार्पेट टाइलचा प्रकार अजून वेगळा. 50 बाय 50 सेंटीमीटरचा चौकोन, वर नायलॉन किंवा पीपी, खाली पीव्हीसी किंवा डांबराच्या जातीचं बिटुमेन, आणि मध्ये टाइल आक्रसू नये म्हणून काचेच्या तंतूंचा पातळ थर. एक टाइल साधारण किलोभर भरते. दहा हजार स्क्वेअर फुटाचं ऑफिस असेल तर 3,700 च्या घरात टाइल लागतात, म्हणजे एका मजल्यावरून चार टनाच्या आसपास माल उतरतो, आणि त्यात वरचा धागा हा लहान हिस्सा, बाकी सगळं बॅकिंग, म्हणजे खालचे थर. एवढं सगळं "100 टक्के धागा" होणार असेल तर भंगारवाले आमच्या गेटवर रात्रीपासून लाइन लावून बसले असते. ते येतात तांब्यासाठी आणि अॅल्युमिनियमसाठी. कार्पेटचा ढीग बघून त्यांचा फोन लागत नाही.

बरं, नुसता वरचा धागा भादरून घेतला तरी काम संपत नाही, कारण कुठला धागा आहे ते कळायला पाहिजे. पीपी साधारण 165 डिग्रीला वितळतं, नायलॉनच्या दोन जाती असतात, त्यातला नायलॉन 6 सुमारे 220 ला, नायलॉन 66 आणि पॉलिस्टर 255-260 च्या आसपास. एकत्र वितळवले तर हे एकमेकांत मिसळत नाहीत, दाणा ठिसूळ होतो, मग तो कुठल्यातरी जाड्याभरड्या वस्तूत जातो. हे सगळं एकत्र चिकटवून, वर दहा वर्षं तुडवून, मग धागा वेगळा द्या म्हणणं म्हणजे कालवलेल्या मिसळीतून फरसाण परत कुरकुरीत काढून मागणं आहे. मोठ्या प्लांटमध्ये धागा ओळखायला इन्फ्रारेडवाली गन असते, कार्पेटवर टेकवली की सांगते. आपल्याकडे ती नसली तरी घरी एक सोपी गोष्ट करता येते. कोपऱ्यातून चार झुपके मुळापासून न उपटता वरच्या वर कापा, म्हणजे लॅटेक्स येणार नाही, बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि झुपके पाण्याखाली बोटांनी नीट चोळा, अडकलेली हवा निघून गेली पाहिजे. तरंगले तर पीपी, कारण ते पाण्यापेक्षा हलकं. बुडाले तर नायलॉन, पॉलिस्टर किंवा लोकर. एवढ्याने नायलॉन 6 का 66 ते कळणार नाही, पण निदान समोरच्याने "नायलॉन आहे, धागा बनेल" म्हणून थाप मारली तर पकडता येईल.

दुसरा मुद्दा, "परत तसंच नवीन कार्पेट". हे अगदीच खोटं नाही, म्हणूनच जास्त घोटाळा होतो. नायलॉन 6 ची गंमत अशी की तो उष्णता देऊन परत मूळ रसायनापर्यंत, कॅप्रोलॅक्टमपर्यंत मोडता येतो आणि त्यातून नव्यासारखा नायलॉन बनतो. अॅक्वाफिल ह्या इटालियन कंपनीचा स्लोव्हेनियात ल्युब्लियानाला 2011 पासून असा प्लांट आहे, तिथे मासेमारीची जुनी जाळी आणि कार्पेटवरून काढलेला नायलॉन दोन्ही जातं. उत्तम काम आहे, कोण नाही म्हणतंय. पण ते फक्त नायलॉन 6 साठी, ते पण लॅटेक्स-पावडर झाडून साफ करून दिलेल्या. नायलॉन 66 दोन वेगळ्या रसायनांचा बनतो, तो ह्या पद्धतीत असा सरळ सुटत नाही.

बाकी सगळीकडे होतं ते यांत्रिक काम. कार्पेट फाडायचं, खिळेवाल्या रोलरमधून पिंजायचं, पावडर झटकायची, उरलेले कापसासारखे तंतू गासडीत बांधायचे. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि आखूड तंतूचा कार्पेटला लागतो तसा पक्का धागा निघत नाही, त्यामुळे त्याचं होतं फेल्ट म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, गादीखालचं पॅडिंग, गाडीच्या दाराआडचं आवाज शोषणारं अस्तर, भिंतीतलं इन्सुलेशन. मला विचाराल तर हे चांगलंच आहे, पॅडिंगसाठी नवा माल कशाला जाळायचा. फक्त त्याला "तसंच नवीन कार्पेट" म्हणू नका.

मेसेजमधला फोटो बघितला का? बाटल्या, मग पांढरा कापूस, मग रंगीत कार्पेट. अहो ते उलट्या दिशेचं आहे! पाण्याच्या पेट बाटल्यांपासून पॉलिस्टर तंतू बनवणं आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर चालतं आणि तो तंतू कार्पेटमध्ये जातो हे खरं. म्हणून दुकानात कार्पेटवर "रिसायकल्ड" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ते बाटलीतून आलं, पुढे त्याचं काही होईल असा नाही. एकाने ग्रुपवर पानिपतचं नाव पण टाकलं. पानिपतला जुन्या स्वेटर-कोटांचे ढीग रंगानुसार वेगळे करतात, पिंजतात, त्याच रंगाचा धागा काढून ब्लँकेटं करतात, परत रंगवायला नको. तो धंदा खरा आणि जुना आहे. पण स्वेटरला मागून चुनखडी लावलेली नसते.

"परदेशात एकही कार्पेट कचऱ्यात जात नाही." हे वाचून मी खरंच हसलो. अमेरिकेत 2002 मध्ये कार्पेट कंपन्या, काही राज्यं आणि तिथलं पर्यावरण खातं ह्यांनी एकत्र बसून करार केला, 'केअर' नावाची संस्था काढली, 2012 पर्यंत 40 टक्के जुनं कार्पेट डम्पिंगपासून वाचवायचं ठरवलं. गाठता आलं नाही, जवळपास पण नाही. कॅलिफोर्नियाने 2010 मध्ये कायदा केला, नवीन कार्पेट घेताना गिऱ्हाईक चौरस यार्डामागे फी भरतं आणि ते पैसे रिसायकलिंगला जातात. एवढं करून 2020 साठी लक्ष्य किती ठेवलं तर 24 टक्के. जॉर्जियातल्या ऑगस्टाला नायलॉन 6 मोडायचा मोठा प्लांट 1999 ला सुरू झाला, परवडेना म्हणून 2001 ला बंद पडला आणि पुढे शॉ ह्या कार्पेट कंपनीने 2007 ला परत चालू केला. टेक्नॉलॉजी तेव्हाही तीच होती, पण तेल स्वस्त झालं की नवा नायलॉन स्वस्त होतो आणि मग गोळा करून, वाहून, सोलून, धुऊन आणलेला जुना घ्यायला कोणी तयार नसतं. सगळा खर्च गोळा करण्यात आणि सोडवण्यात आहे, आणि मेसेजमध्ये नेमकं त्याच दोन गोष्टींबद्दल अक्षर नाही.

आता लगेच खाली दुसरी पार्टी येते, "सगळी फसवाफसवी आहे, शेवटी जाळतातच, टाका कुंडीत." तसंही नाही राव. वाशीला सिडकोच्या एक्झिबिशन सेंटरमध्ये प्रदर्शन असलं की पॅसेजमध्ये लाल-निळं पातळ कार्पेट टाकतात ना, ते सुयांनी टोचून बनवलेलं नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेलं, असतं, एकाच जातीच्या तंतूचं, मागे लॅटेक्स अगदी कमी किंवा नाहीच, वापर तीन-चार दिवसांचा. रिसायकलच करायचं तर हे सगळ्यात सोपं, फक्त कडेची चिकटपट्टी काढून टाकायची आणि कोरडं ठेवायचं. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा रिसायकलच्या आधी परत वापरातच जातं, मंडपवाले नेतात, गणपतीत स्टेजवर घालतात, आणि मग पावसात कोणाच्या तरी पत्र्यावर ताडपत्रीखाली जातं. ह्याहून चांगलं रिसायकलिंग मला तरी माहीत नाही.

टाइलचं पण तसंच. ऑफिसची टाइल सगळी सारखी झिजत नाही. वर्कस्टेशनखालच्या नव्यासारख्या असतात, पॅन्ट्रीच्या वाटेवरच्या चपट्या आणि काळ्या. उपटणाऱ्या पोरांना आधी सांगितलं की टेबलाखालच्या वेगळ्या रचा, तर त्या धुऊन एखाद्या क्लासला, जिमला, छोट्या ऑफिसला लागतात. फक्त मूळ बसवताना तात्पुरत्या चिकटणाऱ्या गमने बसवलेल्या पाहिजेत, पक्क्या गमवाल्या निघताना जमिनीचं प्लास्टर पण घेऊन येतात, मग सगळंच डेब्रिज. घरातलं लोकरीचं भदोहीकडचं कार्पेट असेल तर ते उलटं करा, मागे गाठी दिसल्या तर हाताने गाठी मारलेलं आहे, ते रफू होतं, धुता येतं, विकलं पण जातं. मागे कापड चिकटवलेलं असेल तर ते टफ्टेड, म्हणजे कापडात धागा टोचून केलेलं, त्यात परत लॅटेक्स आलं.

"सुक्या कचऱ्यात द्या" हा तर सगळ्यात त्रासदायक सल्ला. सुका कचरा वेगळा करणारे लोक बाटली, पुठ्ठा, डबे, पत्रा हाताने उचलतात, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. चाळीस किलोचा भिजलेला रोल तिथे कोण सोलत बसणार, आणि श्रेडरमध्ये घातला तर धागे शाफ्टला गुंडाळून मशीन अडकतं. तो रोल शेवटी डम्पिंगलाच जातो, फक्त वाटेत चार लोकांची कंबर मोडून. कायद्याने कंपनीवर ढकलावं म्हटलं तर प्लास्टिकची उत्पादकावरची जबाबदारी आपल्याकडे पॅकेजिंगपुरती आहे, कार्पेट त्यात येत नाही. आणि थंडीत वॉचमनला शेकोटीला तुकडे देऊ नका, प्लीज. पीव्हीसी बॅकिंग जळलं की हायड्रोक्लोरिक अॅसिडचा वायू निघतो, नायलॉन जळला की हायड्रोजन सायनाइड, आणि तो बिचारा त्याच्यावर हात शेकत बसलेला असतो.

राहिला "आमचा माणूस फुकट नेईल". फुकट नेणारा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. पण टेम्पोचं भाडं, हमाली, गाळ्याचं भाडं हे कोणीतरी देतं, आणि माल विकून ते सुटत नसेल तर रात्री खाडीकाठी टेम्पो उलटा करणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग उरतो. त्यामुळे सोसायटीच्या सेक्रेटरीने नंबर फिरवायच्या आधी त्याला फोन करून विचारावं: तू कुठली जात घेतोस, पीपी, नायलॉन का सगळंच? "सगळंच" म्हणाला तर फोन ठेवा. माल कुठल्या गाळ्यात जातो आणि तिथे त्याचं काय बनतं, एक नमुना दाखव. आणि तिथल्या वजनकाट्याची पावती आमच्या नावाने मिळेल का. खरा घेणारा तुम्हालाच उलट दहा प्रश्न विचारतो, कोरडं आहे का, गम कुठला, फोम चिकटलाय का, किती वर्षं जुनं, कोपऱ्याचा फोटो पाठवा, मागचा पण पाठवा. आमच्या लाइनमध्ये जे दोन-तीन जण टाइल नीट उचलतात ते असेच आहेत, आणि त्यातला एक जण तर पीव्हीसी बॅकिंग दिसलं की सरळ नाही म्हणतो.