पपई चालत नाही, मग मशेरी कशी चालते?

आपल्याकडे बाईला दिवस गेले की घरात नियम सुरू होतात. पपई नको, अननस नको, तीळ उष्ण, ग्रहणात सुरी हातात धरायची नाही, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसायचं नाही. आजेसासूपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं लक्ष तिच्या ताटावर. आणि त्याच घरात मोरीच्या कट्ट्यावर मशेरीची डबी उघडी पडलेली असते. सकाळी सासू लावते, तिचं झालं की सून लावते. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी नाशकात बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. म्हणून हा विषय मला सोडवत नाही.

ज्यांनी मशेरी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. साधी तंबाखू तव्यावर कोरडी भाजतात, पार काळी पडेपर्यंत. घरभर ठसका उठतो. मग ती चुरून पूड करून डबीत भरतात. बोटावर घ्यायची, दातांना आणि हिरड्यांना चोळायची, तशीच तोंडात ठेवून निम्मं काम उरकायचं आणि मग चूळ भरायची. काही घरांत ती भाजायचं काम सुनेकडेच असतं, तिला सातवा महिना असला तरी. म्हणजे जी स्वतः लावत नाही तिच्या छातीतही तो धूर जातोच.

तपासणीला आलेल्या बाईला विचारलं, “ताई, तंबाखू, गुटखा काही खाता का?” तर उत्तर ठरलेलं. “नाही हो, तसलं काही नाही.” मग विचारायचं, “मशेरी?” “ती लावते ना, दोन टायमाला. दात घासायला.” ती खोटं बोलत नसते. तिच्या आईने लावली, आजीने लावली, तिला ते मंजनच वाटतं. तंबाखू नवरा खातो, गुटखा दीर खातो, असा तिचा हिशेब. केसपेपरवर मात्र ‘व्यसन नाही’ असं लिहिलं जातं, आणि पुढच्या नऊ महिन्यांत तो प्रश्न तिला परत कुणी विचारत नाही.

दातांच्या मंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण सुटी तंबाखू आणून घरच्या तव्यावर भाजणाऱ्या बाईपर्यंत यातली कुठली बंदी पोचणार?

बाळाला यातून काय होतं ते नीट समजून घ्या. निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. तिथे ते अडवणारं काही नाही. रक्तवाहिन्या आकसतात, गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी होतं, बाळाचं पोषण तुटतं. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बायकांमध्ये सर्वांत जास्त मशेरी लावणाऱ्याच होत्या. वय, शिक्षण, परिस्थिती असे बाकीचे फरक हिशेबात धरूनही तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. याच बायकांच्या माहितीवरून पुढे हेही दिसलं की बाळ पोटातच दगावण्याचा धोकाही त्यांच्यात जास्त होता.

१०५ ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं कुणाला वाटेल. पावणेतीन किलोच्या बाळाला नसेल वाटत. पण आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीपासून खुड्यापर्यंत राबलेल्या असतात, अंगात रक्त नसतं. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. अशा आईचं बाळ आधीच अडीच किलोच्या काठावर असतं. तिथून शंभर ग्रॅम गेले की ते कमी वजनाच्या बाळांत मोजलं जातं. दोन किलोच्या आतलं बाळ काट्यावर ठेवताना हाताला कळतं. मांडीची कातडी सैल, रडणं बारीक, छातीला लावलं तर दोन घोट ओढून दमतं. मग आईचं दूध वाटीत काढून चमच्याने थेंब थेंब पाजायचं आणि ऊब टिकावी म्हणून बाळाला दिवसभर तिच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायचं. त्या आईला त्या वेळी ‘तू मशेरी लावत होतीस ना’ म्हणून टोमणा मारणारी माणसं मी पाहिली आहेत. टोमणा मारणारी बहुतेक वेळा घरचीच असते, आणि तिचेही दात काळेच असतात.

याचीच मला चीड येते.

आई म्हणून तिची जबाबदारी आहे का? आहे. पोटातल्या जिवाला स्वतःला वाचवता येत नाही, आणि तिने घेतलेलं सगळं त्याच्यापर्यंत जातं. हे माहीत झाल्यावरही ‘माझं शरीर, माझी मर्जी’ म्हणून ते झटकून टाकता येईल असं मला वाटत नाही. पण ती जबाबदारी तिच्या एकटीच्या पदरात टाकून बाकीच्यांनी हात झटकायचे, हे मला मान्य नाही. कंपनीतून सुटून आलेला नवरा गॅलरीत उभा राहून सिगारेट ओढतो आणि म्हणतो, मी घरात कुठे ओढतोय. तो धूर पडद्याला बसतो, त्याच्या शर्टाला बसतो, खोलीत येतो. सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तो किती महागात पडत असेल? घरात धूर असेल तर बाळ जन्मल्यावर झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. डोहाळजेवणाला पाळण्यात तिला धनुष्यबाण देऊन फोटो काढायचे, बर्फी की पेढा म्हणून हसायचं, आणि तिच्या श्वासात रोज धूर सोडायचा. असल्या लाडाचा त्या बाळाला काय उपयोग?

सिन्नरच्या विडी कामगार बायकांचं तर दुखणंच वेगळं. धंदा ओसरलाय, पण घरी बसून सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या बायका आजही आहेत. हाताच्या कातडीतून आणि श्वासातून ती त्यांच्या अंगात जाते. त्यांनी व्यसन केलेलंच नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. त्यांना कोणत्या तोंडाने ‘सोडा’ म्हणायचं? गरोदरपणात त्यांना दुसरं काम मिळायला हवं, मजुरी बुडता कामा नये.

आपलं शहर वाइनची राजधानी म्हणून मिरवतं. त्यामुळे शिकल्या-सवरलेल्या घरांतून हेही ऐकू येतं की वाइन म्हणजे द्राक्षाचाच रस, एखादा ग्लास चालतो. नाही चालत. दारू कोणत्याही रूपात असो, ती बाळाच्या रक्तात पोचते, मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि गरोदरपणात इतकी घेतली तर सुरक्षित असं प्रमाण अजून कुणालाही ठरवता आलेलं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात नाशिकरोडजवळ शिंदे गावात एमडी या अमली पदार्थाचा कारखाना सापडला तेव्हा सगळं शहर हादरलं. तेव्हापासून ‘नशा करणाऱ्या पोरींना आत टाका’ असं म्हणणारे वाढले आहेत. त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसी राज्याकडे बघावं. तिथे २०१४ साली कायदा झाला की गरोदरपणात अमली पदार्थ घेऊन बाळाला इजा झाली तर आईवर मारहाणीचा गुन्हा दाखल करता येईल. मग बायका तपासणीलाच यायला घाबरू लागल्या. २०१६ मध्ये मुदत संपली तेव्हा तो कायदा पुढे चालू ठेवला गेला नाही. दवाखान्यात आली नाही तर बाईही हाताबाहेर जाते आणि बाळही. त्यातून अफू-हेरॉइनसारखी नशा एकदम बंद करणंही गरोदर बाईला धोक्याचं असतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधाने उतरवावी लागते, आणि जन्मलेल्या बाळालाही काही दिवस सांभाळावं लागतं. आपल्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातही कलम ६४-अ आहे. स्वतःच्या सेवनाचा किंवा अगदी थोड्या मालाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती आपणहून उपचाराला आली तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळतं. हे किती जणांना माहीत आहे?

मशेरी सुटते का? सुटते. बायका सांगतात, मळमळ थांबते म्हणून लावते, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, भूक मारता येते म्हणून लावते. हे शेवटचं कारण ऐकलं की काही सुचत नाही. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, मग उतरत जातं. बडीशेप, भाजलेला ओवा, नुसता ब्रश, ज्याने निभेल त्याने निभवावं. सिगारेटचं तर नक्की माहीत आहे की गरोदरपणाच्या सुरुवातीलाच सोडली तर बाळाचं वजन न ओढणाऱ्या बाईच्या बाळाच्या जवळपास येतं, आणि उशिरा सोडली तरी काही ना काही फायदा होतोच. ‘आता सहावा लागला, आता काय उपयोग’ असं कुणी म्हणू नये.

पण सासू रोज सकाळी शेजारी बसून लावत असेल तर सुनेची सुटत नाही, हे मी खात्रीने सांगते. ज्या घरात डबीच उचलून टाकली त्या घरात सुटली.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी नवऱ्याने आणि सासूने सोबत यावं, आणि डॉक्टरांनी, सिस्टरांनी, आशाताईंनी तिघांनाही विचारावं. मशेरीचं नाव घेऊन, आवाज न चढवता, आणि दर भेटीला पुन्हा. कार्डावर त्यासाठी वेगळा रकाना असावा अशी माझी मागणी आहे, आणि ती मी वरपर्यंत लेखी देणार आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत नंबर १८००-११-२३५६, सिगारेटच्या पाकिटावर छापलेलाच असतो. घरात कुणाला दिवस गेले असतील तर तिथे पहिला फोन नवऱ्याने स्वतःसाठी करावा.