मान टाकणाऱ्या दिव्याबद्दल

नमस्कार,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. टेबल लॅम्पचा दांडा वर उचलून सोडला की तो हळूहळू मान टाकतो, पितळ तीन महिन्यांत काळवंडलं, आणि ‘पर्यावरणपूरक’ म्हणत आम्ही जुन्या डिझाइनची नक्कल विकतो.

पहिल्या तक्रारीत चूक सर्वस्वी आमची. या रचनेत दांडा नट आवळून जागेवर राहत नाही, स्प्रिंगा त्याचं वजन तोलून धरतात. त्यामुळे स्प्रिंगचा ताण टोकाकडच्या वजनाशी नेमका जुळावा लागतो. आम्ही तो जुळवला जुन्या तारेच्या बल्बवर, म्हणजे हलक्या काचेच्या गोळ्यावर. सोबत दिला मात्र एलईडी. त्याच्या बुडात सर्किट आणि उष्णता बाहेर टाकणारा धातू असतो, म्हणून तो जड भरतो. आणि लांब दांड्याच्या टोकाला थोडे ग्रॅमही भारी पडतात. बल्ब बदलला तेव्हा तोल पुन्हा तपासायला हवा होता. नाही तपासला. तुमच्या फोटोत सांध्याचा नट करकचून आवळलेला दिसतो. तो कृपया सैल करा, नाहीतर आतले वॉशर झिजतील.

पितळाबद्दल मात्र थोडा वाद घालतो. ते भंगारातून वितळवून ओतलेलं आहे हे खरं, पण काळं पडलं ते त्यामुळे नाही. पितळात तांबं असतं. हवा आणि हाताचा घाम लागला की नवं पितळही काळवंडतं. लॅकर, म्हणजे वरून पारदर्शक लेप, मारलं असतं तर काही काळ चकाकलं असतं. पण लॅकर एकदा टवके उडून निघालं की डाग पडतात आणि सगळं खरवडल्याशिवाय पॉलिश करता येत नाही. म्हणून आम्ही ते मारत नाही. हे विकण्याआधी ठळकपणे सांगायला हवं होतं, एवढं कबूल.

नक्कल? कल्पना आमची नाहीच. मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारे इंजिनिअर जॉर्ज कारवर्डाइन यांनी 1932 मध्ये हा स्प्रिंगांचा तोल दिव्यात आणला. आम्ही तोच घेतला. आमचं काम धातू पुन्हा वापरण्याचं आणि प्रत्येक भाग सुटा करून दुरुस्त करता येईल असं जोडण्याचं. दिवा ‘पर्यावरणपूरक’ म्हणायचा तो त्यासाठीच. पण मान टाकणारा दिवा तीन महिन्यांत अडगळीत गेला तर त्या शब्दाला काही अर्थ नाही, हे तुमचं म्हणणं मान्य.

जास्त ताणाच्या स्प्रिंगा विनामूल्य पाठवतो, हाताने बदलता येतात. दिवाच नको असेल तर पूर्ण पैसे परत. स्प्रिंगा हव्या असतील तर सध्या कोणता बल्ब लावलाय तेवढं कळवा, त्याच वजनावर जुळवून पाठवतो.