आयबीएसवरचे घरगुती उपाय म्हणजे सगळं प्लासिबो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढं सविस्तर आणि तळमळीने लिहिलंत, मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आयबीएसवर (तपासणीत आतड्यात काही दिसत नाही, तरी पोटदुखी, जुलाब किंवा बद्धकोष्ठता होत राहते तो त्रास) चूर्ण, ताक, इसबगोल सुचवणं म्हणजे निव्वळ प्लासिबो (औषधाचा गुण नसताना, उपचार घेतोय या भावनेनेच वाटणारा आराम), आणि अशा सल्ल्यांमुळेच लोक डॉक्टरकडे उशिरा जातात. तुमच्या बहिणीने शौचातून रक्त पडत असताना दोन वर्षं चूर्णं खाल्ली आणि शेवटी निघालं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होणारा आजार. वाचून फार वाईट वाटलं, त्यामुळे आधी त्याबद्दलच बोलते.

रक्त पडणं हे आयबीएसचं लक्षण नाहीच. मूळव्याध असेल म्हणून लोक सोडून देतात, असेलही, पण ते तपासून ठरवायचं, घरी बसून नाही. वजन आपोआप उतरतंय, रात्री झोपेतून उठून जुलाबाला पळावं लागतंय, ताप, हिमोग्लोबिन कमी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं एकही असेल तर स्वयंपाकघरात उपाय शोधायचाच नाही, सरळ गॅस्ट्रोकडे (पोटाच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे) जायचं. जुलाबाचा त्रास असेल तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन म्हणून एक टेस्ट असते, आतड्याला सूज असेल तर ते वाढतं आणि नुसत्या आयबीएसमध्ये सहसा नॉर्मल येतं, आणि सिलियाकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्ताची टेस्ट असते. हे झाल्यावरच पुढचं सगळं. इथे तुमचं आणि माझं काहीच भांडण नाही.

पण म्हणून सगळेच घरगुती उपाय बोगस, हे मला पटत नाही. इसबगोलच घ्या. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या 2021 च्या गाइडलाइनमध्ये आयबीएससाठी पाण्यात विरघळणारा फायबर सुचवलाय आणि इसबगोल त्यातलाच. कोंड्याचं मात्र तसं नाही, उलट कोंड्याने अनेकांचं पोट जास्तच फुगतं, त्यामुळे "फायबर वाढवा" असं मोघम सांगण्यात काही अर्थ नाही. आणि घ्यायची पण पद्धत असते. सुरुवातीला एकच चमचा, मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, कारण ठेवला तर त्याची जेली होते आणि घशाखाली जात नाही, कोरडा तर कधीच तोंडात टाकायचा नाही, घशात फुगून अडकू शकतो. बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचा. पहिल्या आठवड्यात गॅस वाढतो, तिथेच बरेच जण सोडून देतात. इसबगोल हळूहळू वाढवला तर सहसा मानवतो.

प्लासिबोबद्दल म्हणाल तर 2010 मध्ये हार्वर्डच्या लोकांनी आयबीएसच्या 80 पेशंटवर एक प्रयोग केला होता, निम्म्यांना सरळ सांगून दिलं की या गोळीत औषध नाही, तरी त्यातल्या 59 टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला आणि काहीच न घेणाऱ्यांमध्ये 35 टक्क्यांना. याचा अर्थ दुखणं खोटं असतं असा अजिबात नाही हो! आयबीएसमध्ये आतडं आणि मेंदू यांच्यातली देवाणघेवाणच बिघडलेली असते, साधा गॅससुद्धा कळ आल्यासारखा जाणवतो. पण त्यामुळेच कुठलाही नवा उपाय सुरुवातीला लागू पडल्यासारखा वाटतो, म्हणून मी सगळ्यांना सांगते की एका वेळी एकच बदल करा, तीन-चार आठवडे द्या, रोज लिहून ठेवा, फरक नसेल तर बंद करा. मग ते आयुर्वेदिक असो की अ‍ॅलोपॅथिक.

चूर्णांबद्दलची तुमची चीड मला पूर्ण मान्य आहे. "पोट साफ" करणाऱ्या चूर्णाच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचा, सनाय, सोनामुखी किंवा स्वर्णपत्री असं काही दिसेल. ते आतड्याला ढकलून जुलाब घडवणारं औषध आहे, कधीतरी ठीक, पण जुलाबवाल्या आयबीएसमध्ये घेतलं तर हाल, आणि रोज घेत राहिलात तर पोटॅशियम उतरू शकतं. हिंग-सुंठ-ओव्याचं हिंग्वाष्टक वेगळं आणि हे वेगळं, दोन्हीला "आयुर्वेदिक चूर्ण" म्हणून एकाच माळेत ओवलं की घोळ होतो. भस्मं (धातू-खनिजं जाळून केलेली औषधं) असलेल्या गोळ्या तर स्वतःच्या मनाने कधीच नकोत. 2004 मध्ये बोस्टनच्या आसपास विकली जाणारी 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

ताकाचं तुम्ही म्हणता ते खरंय, तुम्हाला गॅस होतो तर नका घेऊ. चरकसंहितेत ग्रहणीसाठी (पचन बिघडण्याचा आयुर्वेदातला आजार) ताकाची खूप स्तुती आहे, पण ताकात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, उरतंच आणि ज्यांना ते पचत नाही त्यांना त्रास होणारच, तिथे ग्रंथापेक्षा स्वतःच्या पोटाचं ऐकायचं.

आणि बहिणीसाठी एक, आता बरं वाटतंय म्हणून कोलायटिसच्या गोळ्या मध्येच बंद करू देऊ नका, त्या सूज परत येऊ नये म्हणूनही असतात. कोणी प्रेमाने काहीही आणून दिलं तरी आधी तिच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सोनामुखीचं चूर्ण घरात असेल तर तिच्यापासून लांबच ठेवा.