अवघड जागेचे दुखणे आणि व्हॉट्सॲपवरचा वैद्य

‘पुरुषांनो, लाज सोडा आणि हे वाचा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या आमच्या नातेवाइकांच्या आणि गावाकडच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरतो आहे. मथळ्याशी माझे भांडण नाही, लाज सोडायलाच हवी. भांडण पुढच्या मजकुराशी आहे. त्याचा सारांश असा: वृषण दुखते ते अंगातली उष्णता वाढल्यामुळे, म्हणून सब्जा आणि थंड दूध घ्यावे, रात्री अचानक जोराची कळ आली तर ‘गोळी सरकलेली’ असते, तेव्हा कोमट एरंडेल लावून चोळावे, लंगोट घट्ट बांधावा आणि तीन दिवस वाट पाहावी, डॉक्टरकडे गेल्यास तो पैशांसाठी वृषण काढून टाकतो, दुखण्याचे मूळ हस्तमैथुनात, तंग जीन्समध्ये आणि मोटारसायकलीत असते, सूज आल्यास तंबाखूचे पान बांधावे, आणि गाठ दुखत नसेल तर तिची काळजी करू नये. शेवटी अर्थातच ‘दहा जणांना पाठवा’.

काकांनी तो आमच्या गटात पाठवला. त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचा फोन आला: पंधरा वर्षांच्या मुलाला सकाळपासून ‘तिथे’ दुखते आहे, तर दुकानातले एरंडेल चालेल की घाण्यावरचे आणू? मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर नाही. पण एवढे कळायला डॉक्टर असावे लागत नाही की त्या मुलाला एरंडेलाची नव्हे, शल्यचिकित्सकाची गरज होती, आणि तीही त्याच घटकेला. सुदैवाने सोनोग्राफीत वृषणाचा रक्तपुरवठा ठीक निघाला. वृषणाला चिकटलेल्या एका निरुपयोगी, इवल्याशा उपांगाला पीळ पडला होता आणि तो त्रास विश्रांतीने व वेदनाशामकाने गेला. त्यावर काकांचे उत्तर तयार होते: ‘बघा, काही नव्हतेच.’ हे ‘काही नव्हतेच’ तपासणीनंतर कळले, आधी नाही, एवढे त्यांच्या गळी उतरवणे मला जमलेले नाही. म्हणून हे लेखन.

सर्वांत घातक मुद्दा अर्थातच ‘गोळी सरकण्याचा’ आणि तीन दिवस थांबण्याचा. अचानक, बहुधा एकाच बाजूला आणि अनेकदा झोपेतून जागे करणारी तीव्र कळ येते, तेव्हा जी शक्यता सर्वांत आधी तपासायची असते तिला वृषणाला पीळ पडणे म्हणतात. वृषण ज्या रज्जूला लोंबकळत असते, त्याच रज्जूतून त्याच्या रक्तवाहिन्या येतात. बहुतेकांच्या शरीरात वृषण मागच्या बाजूने आवरणाला घट्ट धरलेले असते. काही जणांत ही पकड जन्मतःच नसते, आणि मग ते घंटेच्या लोलकासारखे मोकळे फिरू शकते. ते स्वतःभोवती फिरले की रज्जूला पीळ बसतो, आधी रक्त बाहेर नेणाऱ्या नीला दबतात, वृषण सुजते, आणि मग आत रक्त आणणारी रोहिणीही बंद होते. हा प्रकार कोणत्याही वयात होऊ शकतो. पण नवजात बाळे आणि त्याहून अधिक म्हणजे वयात येणारी मुले यांच्यात तो प्रामुख्याने दिसतो. खेळताना लागलेल्या मारानंतर तो होऊ शकतो, तसाच काहीही कारण न घडता गाढ झोपेतही होऊ शकतो.

‘अमेरिकन फॅमिली फिजिशियन’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2013 साली या विषयावर आढावा प्रसिद्ध केला होता. काकांच्या संदेशाशेजारी मी तोच ठेवतो. त्यानुसार दुखणे सुरू झाल्यापासून 6 तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याचे प्रमाण 90 ते 100 टक्के असते. 12 तास उलटले की ते 50 टक्क्यांवर येते. आणि 24 तासांनंतर बहुधा 10 टक्क्यांच्याही खाली जाते. 18 वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला 3.8 जणांना हा त्रास होतो, आणि या पिळासाठी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी 42 टक्के मुलांचे वृषण काढावे लागते. आता या आकड्यांशेजारी ‘तीन दिवस वाट पाहा’ हे वाक्य ठेवून पाहा. तीन दिवस म्हणजे 72 तास. तोवर दुखणे कमी झालेले असू शकते, आणि संदेश लिहिणाऱ्याला गुण आल्यासारखे वाटत असेल. पण मेलेला अवयव दुखायचा थांबतो, त्याला बरे होणे म्हणत नाहीत.

चोळण्याबद्दल. पीळ हाताने उलगडण्याची एक पद्धत वैद्यकात खरोखर आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पण ती जाणकार डॉक्टरने करायची असते, पीळ कोणत्या दिशेने आहे याचा अंदाज घेऊन. सर्वसाधारणपणे वृषण आतल्या बाजूला फिरलेले असते, म्हणून ते बाहेरच्या बाजूला उलगडतात. मात्र सुमारे एकतृतीयांश रुग्णांत पीळ नेमका उलटा असतो, आणि मग तीच हालचाल पीळ आणखी आवळते. ती यशस्वी झाली तरी शस्त्रक्रिया टळत नाही. हे सगळे एरंडेल चोळणाऱ्या घरच्या माणसाला अंधारात कसे कळणार? उरला घट्ट लंगोट. सुजलेल्या वृषणावर तो आवळून नेमके काय साधते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आणखी एक बाब अशी, की हे दुखणे नेहमी ‘तिथेच’ सुरू होते असे नाही. अनेक मुले फक्त ओटीपोटात दुखते म्हणतात, सोबत मळमळ आणि उलट्या असतात, आणि घरात अपचन समजून ओवा दिला जातो. लाजेपोटी मुलगा खरी जागा सांगत नाही, आई विचारत नाही, वडील घरी नसतात. वयात येणारा मुलगा पोट धरून ओकत असेल तर त्याला स्पष्ट शब्दांत विचारावे आणि डॉक्टरांनाही तिथे तपासायला सांगावे. वृषण वर ओढले गेलेले किंवा आडवे झालेले दिसणे, ते कडक लागणे, आणि मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवल्यावर त्या बाजूचे वृषण एरवी जसे वर सरकते तसे न सरकणे, ही पिळाची लक्षणे डॉक्टर पाहतात. शंका दाट असेल तर सोनोग्राफीसाठीही ते खोळंबत नाहीत. थंड दूध आणि सब्जाचे पाणी यांचा खरा तोटा इथेच होतो: शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची तर पोट रिकामे हवे. तेव्हा निघण्यापूर्वी काहीही खाऊपिऊ घालू नये. महाराष्ट्रात 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जिथे रात्री शल्यचिकित्सक असतो अशा रुग्णालयाचाच रस्ता धरावा, कारण वाटेतल्या दोन दवाखान्यांत थांबण्यात तास जातात.

‘पैशांसाठी काढून टाकतात’ या आरोपाचे मूळ कुठे असावे, याचा मला अंदाज आहे. शस्त्रक्रियेआधी ज्या संमतिपत्रावर सही घेतात, त्यात ‘गरज पडल्यास वृषण काढण्यास’ संमती असते, आणि घाबरलेल्या नातेवाइकांच्या डोळ्यांत तेवढेच शब्द भरतात. आत पीळ उलगडल्यावर रक्त परत येते का, हे काही वेळ पाहिले जाते. रंग सुधारला तर वृषण जागेवर टाक्यांनी पक्के करतात, आणि दुसऱ्या बाजूचेही करतात, कारण जन्मजात सैलपणा बहुधा दोन्हीकडे असतो. मेलेले असेल तरच काढतात. म्हणजे वृषण गमावण्याची सर्वांत खात्रीची युक्ती डॉक्टरकडे जाणे ही नसून उशिरा जाणे ही आहे, आणि तोच सल्ला हा संदेश देतो.

उष्णतेच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेही मान्य करून टाकतो. वृषणांना शरीरापेक्षा सुमारे 2 ते 4 अंश सेल्सिअस कमी तापमान लागते, म्हणून तर ती शरीराबाहेर पिशवीत असतात. सतत भट्टीजवळ काम करणाऱ्यांच्या शुक्राणूंच्या संख्येवर त्याचा परिणाम होऊ शकतो. पण शुक्राणू कमी होणे वेगळे आणि दुखणे वेगळे. जीन्स आणि मोटारसायकल यांचेही तेच: दाब पडून अवघडल्यासारखे होते, उतरल्यावर किंवा कपडे बदलल्यावर जाते, त्याने आजार होत नाही. हस्तमैथुनाबद्दल तर लिहायलाही कंटाळा येतो. बराच वेळ उत्तेजना राहून वीर्यपतन न झाल्यास काही काळ जडपणा किंवा ठणका जाणवतो, म्हणजे संदेश सांगतो त्याच्या जवळपास उलटे.

‘दुखत नाही ती गाठ निरुपद्रवी’ हे विधान मात्र चिडून खोडावे असे आहे. वृषणाचा कर्करोग बहुतेकदा न दुखणारी, कडक गाठ किंवा वाढलेला जडपणा अशाच रूपात समोर येतो. तो भारतात विरळ आहे, पण होतो तो प्रामुख्याने 15 ते 40 या वयात, आणि लहानपणी ज्यांचे वृषण खाली उतरलेले नव्हते त्यांना धोका जास्त असतो. वेळेवर उपचार झाल्यास तो पूर्ण बरा होणाऱ्या कर्करोगांत गणला जातो. असा रोग ‘दुखत नाही ना, मग सोडा’ म्हणून वाढू द्यायचा?

तंबाखूच्या पानाचा सल्ला गावाकडे जुना आहे. वृषणाभोवती पाणी साठून येणारी सूज, म्हणजे हायड्रोसिल, सहसा दुखत नाही आणि पानाने उतरतही नाही. त्वचेला मात्र फोड येतात. गडचिरोली, चंद्रपूर या भागांत हत्तीरोगामुळे ती होते, आणि तिचा इलाज साध्या शस्त्रक्रियेने होतो. डाव्या बाजूला शिरा फुगून उभे राहिल्यावर मंद ठणका लागणे हा आणखी वेगळा प्रकार. त्याची घाई नसते. पण असा फुगवटा फक्त उजव्या बाजूला असेल किंवा आडवे झाल्यावरही ओसरत नसेल तर पोटाची तपासणी करून घ्यावी.

संदेशात जंतुसंसर्गाचा उल्लेखच नाही, आणि प्रौढ पुरुषांत दुखण्याचे ते फार नेहमीचे कारण आहे. कळ अचानक न येता एकदोन दिवसांत वाढत जाते, ताप येतो, लघवीला जळजळ होते. तरुणांत तो बहुधा लैंगिक संबंधातून आलेला असतो, आणि तेव्हा जोडीदारालाही उपचार घ्यावे लागतात. उतारवयात मूत्रमार्गातल्या जंतूंमुळे, अनेकदा प्रोस्टेट वाढल्यामुळे होतो. महिनोन्‌महिने रेंगाळणारी, फारशी न दुखणारी गाठ आपल्याकडे क्षयाचीही असू शकते. वयात आलेल्या मुलाला गालगुंड झाले आणि काही दिवसांनी वृषण सुजले, तर त्याचे कारण तेच असते. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही, हे पालकांना सहसा माहीत नसते. शिवाय मुतखड्याची कळ पाठीतून थेट वृषणात उतरते, आणि जांघेतला हर्निया अडकला तरी तिथेच दुखते. मधुमेह असलेल्या माणसाच्या वृषणाच्या पिशवीवर लाली येऊन ती काळपट पडू लागली, दुर्गंधी आली, तर तेही तासांत मोजायचे संकट असते.

आमच्या दुकानात अशी गिऱ्हाइके ओळखू येतात. काउंटरवर बाई उभी असेल तर माणूस फलकावरच्या टूथपेस्टच्या जाहिराती वाचत थांबतो, गर्दी ओसरली की पुढे येतो आणि ‘जांघेत दुखतंय, एक स्ट्राँग गोळी द्या’ किंवा ‘मागच्या वेळचेच अँटिबायोटिक द्या’ म्हणतो. दुखणे कधी सुरू झाले, अचानक की हळूहळू, उलटी झाली का, ताप आणि लघवीला जळजळ आहे का, एवढे मी विचारतो. उत्तर ‘अचानक, आज पहाटे’ असे आले तर गोळी देत नाही. रुग्णालयाचे नाव सांगतो, आणि तिथे गेल्यावर दुखणे किती वाजता सुरू झाले तेच सर्वांत आधी सांगा म्हणतो.