कोणासाठी उपयोगी?

‘फलप्रामाण्यवाद कोणतेही पूर्वगृहीत न बाळगता केवळ कल्पनांचे परिणाम तपासतो’ हे फलप्रामाण्यवादावरील (म्हणजे कल्पनेची सत्यता तिच्या परिणामांवरून ठरवणाऱ्या विचारप्रणालीवरील) लेखातील विधान मला पटले नाही. पदव्युत्तर अभ्यासात या परंपरेतले अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, जॉन ड्यूई आणि रिचर्ड रॉर्टी वाचताना माझी चिडचिड नेमकी याच जागी होत असे. एखादी कल्पना उपयोगी पडते असे म्हटले, तरी ती कोणासाठी आणि कोणत्या हेतूने, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधू गेल्यास व्यक्तिस्वातंत्र्य, चर्चेने मिटणारे मतभेद आणि टप्प्याटप्प्याने होणारी सुधारणा ही उदारमतवादी मूल्ये पायात आधीच घातलेली आढळतात. वर्गात हा मुद्दा काढला की ‘तुम्ही अजून जुन्या तत्त्वमीमांसेतच (अंतिम सत्याच्या शोधातच) अडकला आहात’ असे ऐकावे लागे, आणि चर्चा तिथेच थांबे. (चर्चेचा एवढा गौरव करणाऱ्या परंपरेत, हे विशेष.)

रॉर्टी निदान प्रामाणिक आहेत: क्रौर्य हेच सर्वांत वाईट, या उदारमतवादी श्रद्धेला चक्राकार नसलेला (म्हणजे तीच श्रद्धा आधी गृहीत न धरणारा) आधार देता येत नाही, हे ते १९८९च्या ग्रंथात उघडपणे मान्य करतात. ड्यूईंच्या बाबतीत अडचण अधिक गंभीर वाटते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या पहिल्या महायुद्धातील प्रवेशाचे समर्थन केले, तेव्हा त्यांचेच एकेकाळचे चाहते, अमेरिकी लेखक रँडॉल्फ बोर्न यांनी आक्षेप घेतला की, साधनांचा कुशलतेने विचार करणारे हे तत्त्वज्ञान साध्ये मात्र प्रचलित परिस्थितीकडून उसनी घेते. या आक्षेपाचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते.