बोअरचं पाणी ओतू नका हो!

खाऱ्या पाण्याच्या माशांची नवी टाकी लावली की दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या वाळूवर तपकिरी थर धरतो; बोट लावलं की धुरळ्यासारखा उडतो. लगेच औषधाच्या बाटल्या ओतायची घाई! अहो, हे डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल; पाण्यात विरघळलेल्या सिलिकेटवर, म्हणजे सिलिकावर पोसतात. सोलापूरचं बोअरचं पाणी काळ्या बेसॉल्टमधून येतं, सिलिका घेऊनच. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर गेला की टाकी भराभर आटते, आणि रोज वरून तेच पाणी! वाफ उडून जाते, सिलिका आतच राहते. नुसत्या घरगुती आरओने भागत नाही, पुढे डीआय रेझिन, म्हणजे पाण्यात उरलेले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी, हवंच. ते संपत आलं की सिलिका आधी निसटते, आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तरीही शून्यच दाखवतो! रेझिन वेळेत बदला, थर हलक्या हाताने सायफनने ओढून घ्या. औषध नकोच.