बटलरबाईंना ज्योतिषी करू नका राव

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या शेजारचं अल्टाडीना जळालं आणि लगेच सगळीकडे एकाच पुस्तकाच्या पानांचे फोटो फिरायला लागले. अमेरिकेतल्या काळ्या सायन्स फिक्शन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांचं 'पॅरबल ऑफ द सोअर'. पुस्तक १९९३ चं, गोष्ट डायरीच्या रूपात, सुरुवात जुलै २०२४ मध्ये, आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या नोंदीत आग लागलेली. त्याचा पुढचा भाग १९९८ चा, त्यात अध्यक्षपदाचा एक उमेदवार 'मेक अमेरिका ग्रेट अगेन' म्हणत मतं मागतो. झालं, लोकांना एवढं पुरतं. बाई द्रष्ट्या, बाई भविष्यवेत्त्या, बाईंना सगळं आधीच दिसलं होतं वगैरे वगैरे.

मला हे वाचलं की डोकं फिरतं. अरे, ती घोषणा रोनाल्ड रेगनने १९८० च्या अध्यक्षपदाच्या प्रचारात वापरलेली आहे, बाईंनी ती विसरू दिली नाही एवढंच. त्या स्वतः म्हणायच्या की हे प्रॉब्लेम मी शोधून काढलेले नाहीत, आज आपण ज्यांच्याकडे काणाडोळा करतोय त्यांना तीसेक वर्षं वाढू दिलं तर काय होईल ते लिहिलं. म्हणजे पेपर वाचायचे, लायब्ररीत बसायचं, आणि गाडी चालवत नसल्यामुळे लॉस एंजलिससारख्या गाड्यांच्या शहरात वर्षानुवर्षं बसने फिरायचं. बसमध्ये बसलेल्या माणसाला शहर जसं दिसतं तसं कारवाल्याला दिसत नाही, हे मुंबई-पुण्यात बसने फिरणाऱ्याला वेगळं सांगायला नको. 'स्पीच साउंड्स' ही त्यांची कथा सुचली तीच बसमधली मारामारी बघून. रोगाने माणसांची भाषाच गेलीये, कुणाला बोलता येत नाही, कुणाला वाचता, आणि उरलेत ते हातवारे आणि हिंसा. १९८४ चा ह्यूगो, म्हणजे सायन्स फिक्शनचा मोठा पुरस्कार, मिळाला तिला.

दैवी देणगी म्हटलं की मधली मेहनत पुसली जाते, माझा राग तिथे आहे. जन्म १९४७, पॅसाडिना. वडील बूटपॉलिश करायचे, ते लवकर गेले. आई गोऱ्यांच्या घरी कामाला जायची, आत जायचं ते मागच्या दाराने, आणि मालक लोकांनी टाकून दिलेली पुस्तकं-मासिकं ती लेकीसाठी घरी आणायची. मुलगी सहा फूट उंच, भयंकर लाजाळू, वर डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना-लिहिताना अक्षरांचा गोंधळ. दहाव्या वर्षी आईकडे टाइपरायटरचा हट्ट केला. बाराव्या वर्षी टीव्हीवर एक टुकार सिनेमा बघितला, मंगळावरून आलेल्या बाईचा, आणि तिला वाटलं की असली गोष्ट लिहिण्याचे कुणीतरी पैसे घेतलेत, मग मी याहून बरं लिहीन की! मावशीने तोंडावर सांगितलं होतं की काळी माणसं लेखक होऊ शकत नाहीत. मावशीचं वाईट वाटून घेऊ नका, तिने तरी कुठे बघितला होता असा लेखक.

१९७० मध्ये क्लॅरियन या सायन्स फिक्शन लेखकांच्या वर्कशॉपला गेल्या, कथा विकल्या गेल्या, आणि नंतर पाच वर्षं शून्य! एकही कथा गेली नाही. या काळात भांडी घासली, फोनवरून माल विकला, फॅक्टरीत बटाट्याचे वेफर्स तपासले, आणि रात्री दोनला उठून लिहिलं. पहिली कादंबरी 'पॅटर्नमास्टर' आली १९७६ ला. हे असं ज्योतिष असतं का?

आता 'किंड्रेड', १९७९ ची. माझ्या मते बाईंचं सगळ्यात मोठं काम हेच. कॉलेजात असताना ब्लॅक पॉवरचे, म्हणजे काळ्यांच्या आक्रमक चळवळीचे दिवस होते (आपल्याकडे १९७२ ला दलित पँथरने ज्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं तोच जमाना), तेव्हा एक पोरगा म्हणाला की आपल्याला मागे ठेवणाऱ्या या जुन्या पिढीला मारूनच टाकावंसं वाटतं, पण सुरुवात स्वतःच्या आईबापापासून करावी लागेल. बाईंना आपली आई आठवली, ते मागचं दार आठवलं, अपमान गिळून तिने काय काय वाचवलं ते आठवलं. मग त्यांनी त्यांच्याच काळातली एक काळी बाई उचलून थेट गुलामगिरीत नेऊन टाकली. बघू तू किती टिकतेस.

डेना, वय २६, १९७६ मधलं लॉस एंजलिस. अचानक चक्कर येते आणि ती १८१५ च्या सुमारास मेरीलँडमध्ये, समोर नदीत एक गोरा पोरगा बुडतोय, ती त्याला वाचवते. हा रूफस, गुलामांच्या मालकाचा मुलगा, आणि तिच्या लक्षात येतं की हा आपलाच पूर्वज आहे. त्याचा जीव धोक्यात आला की ती खेचली जाणार, आणि तिचा स्वतःचा जीव जातोय असं वाटलं की परत येणार. पोरगा वाढत जातो तसा बापासारखा होत जातो, अ‍ॅलिस नावाच्या काळ्या मुलीवर डोळा ठेवतो, आणि त्या जबरदस्तीतून मूल झालं तरच डेनाचा वंश सुरू होणार. म्हणजे स्वतः जन्माला यायचं तर बलात्कार करणाऱ्याला जिवंत ठेवायचं. यात व्हिलनला मारून मोकळं होता येत नाही, आणि वाचणाऱ्यालाही कुठे सुटका नाही. शेवटच्या फेरीतून ती परत येते ते एक हात गमावून, तो घराच्या भिंतीतच अडकून राहतो. धडधाकट परत आणायचंच नव्हतं बाईंना तिला. आणि टाइम ट्रॅव्हल कसं होतं याचं एका ओळीचं स्पष्टीकरण नाही, म्हणून त्या स्वतःही याला सायन्स फिक्शन म्हणायच्या नाहीत.

याच्या अभ्यासाला त्या मेरीलँडला गेल्या, अर्थात बसनेच. जवळच जॉर्ज वॉशिंग्टनचं घर, माउंट व्हर्नन, तेही बघितलं, आणि तिथे गाईड गुलामांचा उल्लेख 'नोकर' असा करत होते!

मानसन्मान मिळाले, नाही असं नाही. 'ब्लडचाईल्ड' या कथेला ह्यूगो आणि तसाच मोठा नेब्युला, दोन्ही पुरस्कार, १९९५ ला मॅकआर्थर फेलोशिप, सायन्स फिक्शनवाल्यांत ती मिळवणाऱ्या पहिल्याच. पण १९८७ ला 'डॉन' (म्हणजे पहाट) ही कादंबरी आली तेव्हा नायिका काळी आणि कव्हरवर गोरी बाई, हेही त्याच इंडस्ट्रीने केलं. आपण बेस्टसेलर लेखिका होणार असं १९८८ मध्ये त्यांनी वहीत स्वतःलाच बजावून लिहिलेलं आहे, ती वही आता हंटिंग्टन लायब्ररीत आहे. 'पॅरबल' न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत आलं सप्टेंबर २०२० ला. बाई २००६ मध्येच गेल्या होत्या, ५८ व्या वर्षी. मग नासाने मंगळावर पर्सिव्हिअरन्स यान उतरलं त्या जागेला त्यांचं नाव दिलं. चांगलंच आहे, पण जिवंतपणी आणखी चार हजार वाचक जास्त मिळाले असते तर बाईंना जास्त आवडलं असतं असं आपलं मला वाटतं.

वाचायचं असेल तर 'पॅरबल'ने सुरू करू नका, बातम्यांशी जुळवत बसाल आणि पुस्तक राहील बाजूला. आधी 'किंड्रेड', मग 'ब्लडचाईल्ड' (जेवताना नको, परग्रहावरच्या प्राण्यांची अंडी पुरुषांच्या पोटात वाढतात), मग बाकीचं. 'सर्व्हायव्हर' ही त्यांची कादंबरी मात्र शोधत फिरू नका, जुन्या प्रती अव्वाच्या सव्वा भावात आहेत आणि बाईंनीच ती पुन्हा छापू दिली नव्हती, 'माझी स्टार ट्रेक कादंबरी' म्हणायच्या तिला.